पाडव्यापर्यंत टिकेल असा संकल्प

अंगणातला फटाक्यांचा लाल कागद एव्हाना झाडून झाला असेल. १ आणि २ जानेवारी या दोन्ही सुट्ट्या मामाकडून काकाकडे आणि काकाकडून मावशीकडे जाण्यात संपल्या. दारोदारी 'बनाने' म्हणून झाले, तेराव्या पगाराचा बराचसा भाग दुकानदाराच्या गल्ल्यात जाऊन पडला, आणि शाळा उघडण्याच्या आधीच्या या थोड्या दिवसांत घरोघरी एकच विषय निघतो: यंदा काय करावयाचे?

जो तो काहीतरी ठरवतो. कोणी म्हणतो, यंदा दारूला शिवणार नाही. कोणी म्हणते, यंदा वजन उतरवणार. घरातला कर्ता पुरुष म्हणतो, यंदा कर्ज फेडून मोकळा होणार. आणि आपल्या मराठी मंडळांच्या बैठकीत कोणीतरी उभे राहून सांगतोच की यंदापासून आपल्या घरात मराठीशिवाय दुसरी भाषा बोलणार नाही. टाळ्या पडतात. आम्हीही टाळ्या वाजवतो. फेब्रुवारीत त्याच घराच्या ओसरीवरून क्रिओल ऐकू येते, आणि कोणाला आश्चर्यही वाटत नाही.

अशा माणसाला मराठीत आरंभशूर म्हणतात, आणि 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण तर आपल्या आजीने बोटीतून येताना गाठोड्यात बांधून आणली असावी इतकी ती आपल्या घरांत मुरली आहे. मात्र हा दोष केवळ आपल्या जातीचा, असे समजून खाली मान घालण्याचे कारण नाही. १९८०च्या दशकात जॉन नॉरक्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पेन्सिल्वेनियात नव्या वर्षाचा संकल्प केलेल्या दोनशे माणसांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. पहिला आठवडा शंभरांतल्या सत्त्याहत्तर जणांनी सांभाळला. दोन वर्षांनंतर एकोणीस उरले. म्हणजे म्हण खरी, आणि ती जगभर लागू.

त्याच पाहणीतली दुसरी एक गोष्ट आमच्या मते जास्त मोलाची आहे. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जण मध्ये कधी ना कधी घसरले होते, आणि दोन वर्षांत सरासरीने चौदा वेळा घसरले होते. टिकलेला आणि न टिकलेला यांतला फरक कधीच न पडण्याचा नव्हता. पडल्यावर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला की नाही, एवढाच होता. आपल्याकडे मात्र पहिल्या घसरणीला संकल्पाचे श्राद्ध घालण्याची रीत आहे. शनिवारी लग्नाला गेलो, तिथे दोन पेग झाले, मग 'मोडलेच आहे तर' म्हणून रविवारीही झाले, आणि सोमवारपासून विषय बंद.

आमचे म्हणणे असे की माणूस दुबळा असतो हे खरे, पण बहुतेक वेळा त्याआधी संकल्पच कच्चा असतो. तो नीट बांधलेलाच नसतो. आणि गंमत ही की पक्का संकल्प कसा बांधावा हे आपल्या घरातल्या पूजेत दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोर घडते. गणेश चतुर्थीला भटजी यजमानाच्या हातावर पाणी, अक्षता आणि फूल देतात. मग देश सांगितला जातो, काळ सांगितला जातो, तिथी, वार, नक्षत्र. त्यानंतर यजमानाचे गोत्र आणि नाव. आणि सर्वांत शेवटी, आपण आत्ता नेमके कोणते कर्म करणार ते. 'मी देवाची भक्ती करीन' असा संकल्प कोणी सोडत नाही. अमुक ठिकाणी, अमुक दिवशी, अमक्याचा अमुक मी, अमुक पूजा करतो, असे म्हणून पाणी सोडतात. आपल्या पूर्वजांनी शब्द किती मोजून ठेवले होते पाहा. आणि आपण १ जानेवारीला काय म्हणतो? 'यंदा तब्येतीकडे लक्ष देणार.' कोठे, केव्हा, किती, याचा पत्ता नाही. त्या संकल्पाला गोत्रही नाही आणि तिथीही नाही.

शिक्षकी पेशातल्या लोकांना हे दुसऱ्या वाटेनेही ठाऊक असते. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत किंवा रेदुईच्या शिक्षण संस्थेत ज्यांनी प्रशिक्षण घेतले त्यांना आठवत असेल की पाठाच्या टाचणात 'विद्यार्थ्यांना कविता समजेल' असे उद्दिष्ट लिहिले तर तपासणारे गुरुजी त्यावर लाल रेघ ओढत. 'समजेल' हे कसे मोजणार? 'विद्यार्थी कवितेतील पाच नवे शब्द वाचून दाखवतील व त्यांपैकी तीन वाक्यात वापरतील' असे लिहा, ते मोजता येते. तास संपला की वर्गाकडे पाहून कळते, झाले की नाही झाले. आम्ही वाचकांस सुचवतो की आपल्या संकल्पावर हीच लाल पेन्सिल एकदा फिरवून पाहावी. 'समजणे', 'सुधारणे', 'लक्ष देणे', 'कमी करणे' या क्रियापदांखाली रेघ मारावी आणि त्यांच्या जागी पायांनी, हातांनी किंवा तोंडाने करता येईल असे क्रियापद घालावे. चालणे. लिहिणे. बोलणे. मोजणे. पैसे पेटीत टाकणे.

तब्येतीचेच घेऊ, कारण आपल्या बेटावर हा विषय चैनीचा राहिलेला नाही. २०२१ च्या सरकारी पाहणीत प्रौढांपैकी सुमारे पाचांतल्या एकास मधुमेह आढळला. आपल्या घरांकडे पाहिले तर हा आकडा सांगण्यासाठी सरकारची गरज नाही. जेवणाच्या मेजावर मिठाच्या बाटलीशेजारी गोळ्यांची डबी असते, आणि ज्याचे पायाचे बोट किंवा पाऊल काढावे लागले असा एक तरी नातेवाईक प्रत्येकास माहीत असतो. आपले पणजोबा उसाच्या शेतात काम करण्यासाठी इथे आले. साखर त्यांनी पिकवली, पण त्यांच्या रक्तात ती साठली नाही, कारण पहाटेपासून ते उभे होते, वाकत होते, डोक्यावरून ओझी वाहत होते. आपण ऑफिसात बसतो, बसमध्ये बसतो, घरी येऊन पुन्हा बसतो, आणि चहात मात्र साखर पणजोबांपेक्षा जास्त घालतो.

आता या माणसाने 'यंदा वजन पंधरा किलो उतरवणार' असे ठरवले तर काय होते? वजन हा काही त्याच्या हातातला दोरा नव्हे. तो चालू शकतो, खाण्याचे ताट बदलू शकतो. काटा खाली किती जाईल हे शरीर ठरवते. दोन आठवड्यांनी काटा जेमतेम हलला की तो निराश होतो. त्याऐवजी त्याने असे ठरवावे: 'सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी, कामावरून येऊन चहा झाला की बूट घालीन आणि गावातल्या मैदानाला चार फेऱ्या मारीन.' चहा झाला की बूट. यात 'की' हा शब्द महत्त्वाचा. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात शहाण्णव माणसांनी रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला एक छोटी नवी कृती जोडली. नाश्ता झाला की पाणी पिणे, जेवणापूर्वी थोडे धावणे, अशा प्रकारची. ती कृती आपोआप घडू लागण्यास सरासरी सहासष्ट दिवस लागले; एखाद्यास अठराच दिवस पुरले, तर एखाद्याचा हिशेब दोनशे चोपन्न दिवसांवर गेला. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे कोणी छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी स्वतःला शिव्या देऊ नयेत.

डॉक्टरकडे ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी जेवण एकाएकी फार कमी करू नये; आधी डॉक्टरांना विचारावे. आणि दारूबद्दल एक शब्द. रोज भरपूर पिणाऱ्याने १ जानेवारीला एका झटक्यात बाटली फेकून देणे हे ऐकायला शूरपणाचे वाटते, परंतु त्यात जिवाला धोका असतो. अंग थरथरते, झटके येतात. अशा माणसाचा पहिला संकल्प 'दारू सोडीन' हा नसावा. 'येत्या सोमवारी सकाळी दवाखान्यात जाईन' हा असावा, आणि बायकोने किंवा भावाने त्याच्याबरोबर जावे.

मनाच्या जोरावर किती सोपवावे आणि घरातल्या मांडणीवर किती, याचे एक उदाहरण आपल्याच बेटाने जगाला दिले आहे, आणि आम्हांस नवल वाटते की ते आपल्याच तरुणांना माहीत नसते. १९८७ पर्यंत आपल्या रेशनचे तेल मुख्यतः पाम तेल असे. त्या साली ते बदलून सोयाबीनचे तेल देण्यास सुरुवात झाली. कोणाही गृहिणीने काही शपथ घेतली नाही. तीच कढई, तीच भजी, तोच खमंग वास. पाच वर्षांनी, १९९२ साली, लोकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलची सरासरी लिटरमागे ५.५ मिलिमोलवरून ४.७ वर आलेली आढळली, आणि तज्ज्ञांनी त्याचे बरेचसे श्रेय या तेलबदलाला दिले. लाखो लोकांना उपदेश करून जे झाले नसते ते बाटलीतला माल बदलून झाले. (मधुमेहाचे तसे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. साखरेची बाटली कोणी बदलली नाही.)

म्हणून ज्याला गोड कमी करावयाचे आहे त्याने दुकानात मन घट्ट करावे, स्वयंपाकघरात नव्हे. मोठी गोड पेयाची बाटली घरात आलीच नाही तर रात्री दहा वाजता फ्रीजसमोर उभे राहून आत्मबळाची परीक्षा द्यावी लागत नाही. दुकानात पाच मिनिटे शहाणे राहणे बहुतेकांना जमते. घरात चोवीस तास शहाणे राहणे साधुसंतांनाच जमावे.

साधुसंतांवरून महात्माजींची आठवण होते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून हिंदुस्थानास जाताना ते आपल्या बेटावर थांबले होते आणि मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष द्या असे त्यांनी येथील हिंदी लोकांस सांगितले, हे आपण शाळेत शिकवतोच. त्यांची व्रते मात्र आपण फार ढोबळपणे आठवतो. १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी त्यांनी जे व्रत घेतले ते 'कमी खाईन' असे नव्हते. चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खाणार नाही आणि अंधार पडल्यावर जेवणार नाही, असे ते होते. पाच हा आकडा आहे. अंधार डोळ्यांना दिसतो. बॅरिस्टराने कलम लिहावे तसे ते व्रत लिहिलेले आहे. पण त्यांच्याच आयुष्यात दुसरी गोष्टही घडली. आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले होते. १९१८ साली ते फार आजारी पडले आणि अशक्तपणा काही जाईना, तेव्हा व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, बकरी नव्हती, अशी वाट कस्तुरबांनी काढून दिली आणि महात्माजी बकरीचे दूध प्याले. ते त्यांच्या मनाला पुढे टोचत राहिले, पण ते जगले आणि पुढची तीस वर्षे त्यांनी काय केले ते जग जाणते. एवढ्या माणसाच्या व्रतालाही अशी वेळ आली. मग आपण आपल्या संकल्पात अडचणीचे कलम आधीच का घालू नये?

आपल्या बेटावर जानेवारीत केलेल्या संकल्पाला पहिली अडचण कोणती येते? वादळ. शाळा उघडते न उघडते तोच रेडिओवर पहिल्या वर्गाचा इशारा येतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि सारे बेट दारे लावून बसते. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांतून मोटारी वाहून नेल्या. त्या आठवड्यात कोणाचे चालणे झाले असेल? १९६० च्या फेब्रुवारीअखेर कॅरोल वादळ आले तेव्हा गवताची आणि लाकडी घरे गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, आणि त्यानंतर आपल्या वडिलांनी काँक्रीटची घरे बांधायला सुरुवात केली. वादळ येणारच नाही असे समजून त्यांनी ती बांधली नाहीत. संकल्पाचेही तसेच करावे. 'मैदानाला चार फेऱ्या. पाऊस किंवा इशारा असेल तर व्हरांड्यात पंधरा मिनिटे. पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन खेपा लागोपाठ चुकवणार नाही.' एवढे कागदावर लिहिले की वादळ ओसरल्यावर संकल्प शाबूत सापडतो.

पैशाच्या संकल्पाबद्दल फार लिहीत नाही, कारण तेथे आपल्या बायका आपल्याला शिकवू शकतील. शेजारपाजारच्या दहाबारा जणी मिळून दरमहा ठरावीक रक्कम जमवतात आणि पाळीपाळीने एकेक जण ती उचलते. महाराष्ट्रात त्याला भिशी म्हणतात. तिथे 'यंदा बचत करणार' असे कोणी म्हणत नाही. महिन्याच्या अमुक तारखेला अमक्या घरी अमुक रुपये पोचलेच पाहिजेत, नाहीतर दहा जणींना तोंड कसे दाखवायचे! तारीख, रक्कम, आणि साक्षीदार. पगार हातात आला त्याच दिवशी पैसे बाजूला निघतात. महिनाअखेर उरेल ते वाचवू म्हणणारा पुरुष अजून आमच्या पाहण्यात आलेला नाही ज्याच्याजवळ काही उरले.

एका प्रकारच्या संकल्पाबद्दल मात्र आम्हांस स्पष्ट बोलावेसे वाटते. तो म्हणजे आईबापांनी मुलांच्या नावाने केलेला. 'यंदा माझा मुलगा वर्गात पहिला येणार.' 'यंदा माझी मुलगी सहावीच्या परीक्षेत चांगले कॉलेज मिळवणार.' पाणी बापाने सोडायचे आणि उपास मुलाने करायचा, हा कोठला न्याय? पहिला नंबर वर्गात एकालाच मिळतो, म्हणजे उरलेल्या सर्व घरांतला संकल्प १ जानेवारीलाच मोडलेला असतो, फक्त निकालापर्यंत कळत नाही. आणि तो मोडला की शिकवण्यांची संख्या वाढते. शाळा सुटल्यावर एक शिकवणी, तीनंतर दुसरी, शनिवारी तिसरी. मूल संध्याकाळी घरी येते ते झोपण्यापुरते. आईबापांना संकल्प करायचाच असेल तर तो स्वतःच्या अंगाचा करावा. रात्रीचे जेवण झाले की पंधरा मिनिटे दूरदर्शन संच आणि फोन बंद, आणि मुलाच्या वहीजवळ बसणे. इंग्रजी येत नसेल, गणित विसरले असेल, तरी चालेल. 'आज काय शिकलास ते मला सांग' एवढे विचारता येते. सांगताना मूलच पुन्हा शिकते, हे आम्ही वर्गात रोज पाहतो.

आता भाषेकडे येऊ. इथे आमचे काळीज जास्त गुंतले आहे, हे वाचक समजून घेतील.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात क्रिओल बोलली जाते. बाजारात तीच, बसमध्ये तीच, नवराबायकोच्या भांडणातही तीच. त्यात लाज नाही. ती या बेटाची भाषा आहे आणि आपण या बेटाचे आहोत. पण घरातली शेवटची आजी गेली की तिच्याबरोबर एक आख्खी मराठी जाते, जी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. कास्कावेलच्या, वाक्वाच्या, ब्लॅक रिव्हरच्या घरांत हे आपण पाहिले आहे. मृत्यूनंतर तेराव्याच्या जेवणाला बसल्यावर कोणीतरी विचारतो, 'त्या भाजीला आजी काय म्हणायची रे?' आणि पानावर बसलेल्या वीस माणसांपैकी एकालाही शब्द आठवत नाही.

अशा वेळी पोटतिडकीने 'घरात फक्त मराठी' असा मोठा संकल्प सुचतो. तो का टिकत नाही याचा विचार केला पाहिजे. नळ फुटला आहे, मुलाला ताप आला आहे, बँकेचा कागद भरायचा आहे, अशा घाईच्या क्षणी माणूस ज्या भाषेत पटकन बोलता येते तीच बोलणार. आपण त्याला मराठीत अडकवले तर तो गप्प बसेल किंवा चिडेल, आणि मुले शिकतील ते इतकेच की मराठी ही चिडण्याची भाषा आहे. सुनबाई जर तामिळ किंवा भोजपुरी घरातून आली असेल तर तिच्यावर हा संकल्प लादणे हा अन्यायही आहे.

म्हणून आठवड्यातले एक जेवण मराठीचे ठरवावे. एकच. समजा, रविवारची दुपार. त्या जेवणाला पानावरचे सर्व काही मराठीत मागायचे. 'भात वाढ.' 'मीठ कमी आहे.' 'अजून थोडी डाळ दे.' 'पोट भरले.' पहिल्या रविवारी दहा वाक्ये पुरतात. ज्याला येत नाही त्याने विचारावे, आणि ज्याला येते त्याने हसू नये. हा नियम पाहिजेच, कारण आपल्या मुलांनी मराठी सोडली ती बहुतेकदा कोणीतरी त्यांच्या उच्चाराला हसले म्हणून. दर रविवारी दोन नवे शब्द. पाडव्यापर्यंत दहाबारा रविवार होतात, म्हणजे वीसबावीस शब्द आणि काही वाक्ये. थोडे वाटेल. परंतु वर्षभर बैठकीत पाठवूनही जे मूल घरी एक वाक्य बोलत नाही, त्याच्या तोंडून 'अजून वाढ' हे सहज निघाले तर ते थोडे नाही.

आणि घरात आजी किंवा आजोबा असतील त्यांच्यासाठी एक वेगळे काम आहे. दर आठवड्याला त्यांना एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. लहानपणी गणपतीत झाकरी कशी चालायची? लग्नात हळद कोण दळायचे? कोणत्या इस्टेटीवर तुमचे वडील काम करीत? पाच मिनिटे बोलले तरी पुरे. सवड मिळाली की सगळे नीट बसून लिहून काढू, असे म्हणणाऱ्यांच्या घरात आम्ही रिकाम्या वह्या पाहिल्या आहेत. सवड मिळते तेव्हा आजी नसते.

शेवटी मुदतीचा प्रश्न. वर्षभराचा संकल्प करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. डिसेंबर फार लांब आहे. इतक्या लांबच्या किनाऱ्याकडे पाहत कोणी वल्हे मारत नाही. आपल्याला तर देवाने दोन नवी वर्षे दिली आहेत. जानेवारीचे एक आणि चैत्राचे एक. पाडवा २०२४ साली ९ एप्रिलला आला, २०२५ साली ३० मार्चला; म्हणजे १ जानेवारीपासून साधारण अडीच ते साडेतीन महिने, आणि लंडनच्या त्या अभ्यासातले सहासष्ट दिवस त्यात बसतात. संकल्प पाडव्यापर्यंतचाच करावा, आणि एकच करावा, फार तर दोन. दुकानदाराने दिलेले नवे कॅलेंडर स्वयंपाकघरात लागलेच आहे. त्यावर पाडव्याच्या तारखेभोवती आजच वर्तुळ काढावे, आणि जमलेल्या दिवशी पेन्सिलीने फुली मारावी. न जमलेला दिवस कोरा सोडावा, त्यावर काही लिहू नये.

गुढी उभारण्याच्या आदल्या संध्याकाळी फुल्या मोजाव्या. निम्म्याहून जास्त असतील तर तोच संकल्प गणेश चतुर्थीपर्यंत पुढे न्यावा, वाटल्यास किंचित वाढवून: चारच्या पाच फेऱ्या, दोनचे तीन शब्द. निम्म्याहून कमी असतील तर संकल्प मोठा झाला असे समजून तो अर्धा करावा आणि दुसऱ्या दिवशी, गुढीला हार घातल्यावर, पुन्हा सुरू करावा. आणि किती फुल्या झाल्या ते चार ओळींत लिहून या पानाकडे पाठवावे. मराठीत लिहावे, चुका आम्ही दुरुस्त करू. नाव छापणार नाही, गाव तेवढे छापू.